बटणांचा डबा

खुर्ची माझी वाजली होती. हे चार शब्द पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण तोंडाने उच्चारायला मला अकरा वर्षं लागली आणि माझा लेखणीवरही फारसा भरवसा नाही.

माझ्या बायकोची थोरली बहीण स्टुडिओत कपडेपटात कामाला होती. घरात तिला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. नटांचे कोट सैल करायचे आणि करताना 'तुम्ही बारीक झालात' असं सांगायचं, हे तिचं काम. शूटिंग चालू असताना ती कोपऱ्यात उभी असे. एका हातात टाचण्यांची उशी, दुसऱ्या हातात बटणांचा पत्र्याचा डबा. नटाचं बटण कधी तुटेल याचा नेम नसतो, आणि रडण्याच्या सीनमध्ये छाती फुगून ते हमखास तुटतं.

मला शूटिंग बघायची हौस. बायकोमार्फत चार महिने भुणभुण लावली, तेव्हा कुठे अक्काने मला एक दिवस आत नेलं. वेताच्या एका खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "भावोजी, इथे आवाज तिथल्या तिथे घेतात. टेक चालू असताना श्वास घेतला तरी चालेल, पण विचार करून घ्या."

सीन नटवर्यांचा होता. त्यांना सगळे नटवर्यच म्हणत. तेही स्वतःला मनातल्या मनात तेच म्हणत असावेत. आई नुकतीच गेलेली आहे, मुलगा पलंगाशी उभा आहे, बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग एकच ओळ म्हणतो. एवढाच सीन. सात टेक वाया गेले होते. कधी दिवा फुटला, कधी गेलेल्या आईला खोकला आला. आठव्याला मात्र नटवर्य असे काही उभे राहिले की विचारू नका. शांतता वाढत चालली. मेकअपवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गेलेल्या आईने इतका वेळ श्वास रोखून धरला की मला वेगळीच काळजी वाटायला लागली. आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. मी जेमतेम बोटभर सरकलो.

कर्रर्र.

आवाजवाल्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "आवाज आला." दिग्दर्शकाने तोंड ओंजळीत लपवलं. नटवर्य सावकाश वळले. त्यांची नजर माझ्या दिशेने येताना मी पाहिली, माझ्यावर पोचलेलीही पाहिली, आणि मग ती माझ्यावरून पुढे जाऊन अक्कापाशी थांबली.

"ही बाई," ते म्हणाले. "हिचा डबा वाजला."

"माझा डबा वाजला नाही," अक्का म्हणाली.

नटवर्य तिच्याजवळ गेले, तिच्या हातातून डबा घेतला आणि फरशीवर उपडा केला. बटणं चहूकडे पळाली. "आता वाजला?" त्यांनी विचारलं. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, कारण मोठ्या माणसाने विनोद केल्यावर हसण्याची पद्धत आहे. "कान नसलेली माणसं आत कोण घेतं? उचल सगळी."

अक्का गुडघ्यांवर बसली. पलंगाखालून, कॅमेऱ्याच्या गाडीखालून, एकेक करून तिने बटणं वेचली आणि पन्नास माणसं बघत उभी राहिली. शेवटचं बटण माझ्या खुर्चीखाली होतं. ते घ्यायला ती वाकली तेव्हा माझ्या बुटापासून तिचं डोकं वीतभर अंतरावर होतं. मी तोंड उघडलं. उघडलं हे अगदी खरं. पण त्यातून जांभई निघाली. घाबरलो की मला जांभई येते. वडिलांनाही यायची.

संध्याकाळपर्यंत अक्काची नोकरी गेली. दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत मिळू नये, याची सोय नटवर्यांनी दोन फोन करून केली.

अक्का एकटीच असायची. त्यानंतर ती आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला आली. बायको तीन दिवस नटवर्यांचा उद्धार करत होती. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होतो आणि उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होतो. चौथ्या दिवशी चहा पिता पिता कप खाली ठेवून अक्का म्हणाली, "मला आवाजाचं काम शिकायचंय."

"या वयात?" बायको म्हणाली. "आणि आवाजाचंच का?"

"मला कान नाहीत म्हणाला ना. त्याला दाखवते."

गावाच्या टोकाला, पुठ्ठ्याच्या कारखान्यामागे एका लांबट खोलीत खुडबुड मास्तर राहत आणि कामही तिथेच करत. चित्रपटात नट बोलतो तेव्हा माइक त्याच्या तोंडाकडे असतो. त्याची पावलं, कपड्यांची सळसळ, पेला ठेवल्याचा आवाज हे सगळं मागाहून कोणीतरी पडद्याकडे बघत बघत करून घालतं. या कामाला स्टुडिओत भारदस्त नाव आहे; मास्तर त्याला खुडबुड म्हणत, म्हणून लोक त्यांनाही तेच म्हणत. "नट रडतो स्वतः," ते सांगत, "पण नाक ओढतो तो मी."

त्यांच्या खोलीतली जमीन चौकोनांत वाटलेली होती. एकात वाळू, एकात खडी, एकात लाकडी फळ्या, एकात फरशी, एकात लोखंडी पत्रा. भिंतीवरच्या फळ्यांवर छत्र्या, कुलुपं, फुटक्या बशा, रबरी पिशव्या आणि चाळीसेक जोड बूट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की हा दरोड्याचा माल आहे आणि दरोडेखोराला काही समजत नाही.

"कशाला शिकायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"सूड घ्यायचाय," अक्का म्हणाली.

मी खाली बघितलं. मास्तरांनी मात्र मान डोलावली. "उत्तम. हौसेने येतात ती माणसं महिन्याभरात पळून जातात. सुडाने आलेला माणूस एकही दिवस बुडवत नाही. उद्या आठ वाजता या."

पहिला महिना हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. घरी अभ्यास दिलेला. अक्का जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून बसायची आणि घरात जे वाजेल ते सांगायची. "मोठा चमचा पडला, स्टीलचा." "बाहेर सायकल, मागच्या चाकात हवा कमी आहे." "भावोजींनी कपाट उघडलं. बिस्किटांचा डबा. एक घेतलं. दुसरं घेतलं. आता थांबलेत, ऐकतायत मी ऐकते का ते." त्या महिन्यात माझं वजन उतरलं.

एके दिवशी दुपारी मी बाहेरून आलो आणि सवयीने आमच्या वेताच्या खुर्चीत टेकलो. अक्का डोळे मिटून बसली होती.

"वेताची खुर्ची," ती म्हणाली. "भावोजी."

आणि मग ऐकतच राहिली. डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी. मी उठावं की बसून राहावं, हे मला कळेना, कारण दोन्हींत खुर्ची वाजणार होती. दुसऱ्या दिवशी मी ती खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली. चांगली धडधाकट खुर्ची का दिली, हे बायको मला अजून विचारते.

मग पावलं आली. कपडेपट सोडताना अक्काकडे नटवर्यांचा एक तपकिरी बूटजोड राहिला होता, तळ बदलायला दिलेला. तो तिने परत केला नव्हता. बूट तिला दोन मापं मोठे. आत मोजे कोंबून ती ते घालायची. मास्तर पडद्यावर नटवर्यांचे जुने चित्रपट आवाज बंद करून लावत आणि अक्का फळ्यांवर चालायची. रोज सकाळी, न चुकता, ज्याचा सूड घ्यायचा त्याच्या बुटात पाय घालून.

मास्तर पडद्याकडे पाठ करून बसत. सहा महिने त्यांचा शेरा एकच: "बूट आले. माणूस कुठाय?" अक्का पुन्हा सुरू करायची. त्यांची डावी टाच जरा जोरात पडते. वळण्यापूर्वी ते अर्धा क्षण थबकतात. जिना चढताना शेवटची पायरी मुद्दाम वाजवतात, म्हणजे खोलीतले लोक वळून बघतात. हे सगळं तिने शोधून काढलं. बायको एकदा म्हणाली, "त्याच्या बायकोलासुद्धा एवढं माहीत नसेल गं."

"तिला कुठे सूड घ्यायचाय," अक्का म्हणाली.

सातव्या महिन्यात एका सकाळी अक्का फळ्यांवरून चालत गेली, थबकली, वळली. मास्तरांनी मान न वळवता सांगितलं, "आला. आणि मला नाही आवडला हा माणूस." ती तिची परीक्षा. पास.

पुढे आवाज कापायचं आणि जोडायचं शिकण्याची पाळी आली. संगणकाच्या पडद्यावर आवाज करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. मास्तरांना वाटलं, बाई बिचकेल. अक्काने चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर कापडच." कुठे कापायचं, किती माया सोडायची, जोड कुठे लपवायचा, हे तिच्या हातांना वीस वर्षं ठाऊक होतं. मास्तरांनी तिला एकच नवी गोष्ट शिकवली. शूटिंग संपलं की त्या त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट घेऊन ठेवतात, कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. एका खोलीतल्या शांततेला दुसऱ्या खोलीतलं ठिगळ लावलं तर शर्टाला पडद्याचं कापड लावल्यासारखं दिसतं. "त्या दिवशीची शांतता कोणाकडे असेल का हो?" अक्काने विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "ती तुमच्याकडेच आहे."

मास्तर थकले तसे मुलीकडे राहायला गेले. जाताना खोली, बूट, फुटक्या बशा सगळं अक्काला दिलं. चित्रपटांच्या शेवटी, माणसं चपला शोधत असतात तेव्हा, अगदी बारीक अक्षरांत तिचं नाव यायला लागलं. ते बघायला आम्ही दोघं दिवे लागले तरी बसून राहायचो. झाडूवाला आमचे पाय उचलायला लावून खालचं झाडायचा.

मधल्या वर्षांत अक्काने मलाही कलावंत केलं, हे सांगायला हवं. "भावोजी, जरा या. तुमच्यासारखा आवाज दुसऱ्या कोणाचा नाही," असं म्हणायची आणि मी हातातलं काम टाकून जायचो. चिखलातून उठणारी म्हैस मी आहे, म्हणजे माझं सोफ्यावरून उठणं. खलनायक जेवताना जी मचमच ऐकू येते ती माझी. त्यासाठी मी माइकसमोर अकरा टोस्ट खाल्ले. एकदा तिने मला पोत्यात घालून खडीवरून ओढलं. ते प्रेत. प्रेताचं काम फार वास्तव झालं, असं छापूनही आलं. थोबाडीत मारल्याचा आवाज ओल्या टॉवेलने निघतो, पण तो उघड्या पाठीवर मारला तरच. पाठ माझी होती. सतराव्या फटक्याला अक्का म्हणाली, "हा जमला." मी बायकोला अभिमानाने सांगायचो की मेव्हणीचा माझ्यावर फार जीव आहे.

आणि अकराव्या वर्षी नटवर्यांचा चित्रपट अक्काच्या दाराशी आला.

नटवर्यांना आता पूर्वीसारखी कामं मिळत नव्हती. पुष्कळ वर्षांनी एका नव्या दिग्दर्शकाने त्यांना न्यायाधीशाची मोठी भूमिका दिली होती. कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्यातून ते चालत येतात, सगळे उठून उभे राहतात, हे चित्रपटात आठ वेळा होतं. सगळं त्या चालीवर उभं. ही जमली तर पुढची पाच वर्षं त्यांना काम, नाहीतर घरी. चित्रपटाचा सगळा आवाज अक्काकडे सोपवलेला होता. ती कोण, हे दिग्दर्शकाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मी त्या सकाळी तिथेच होतो. अक्काने तपकिरी बूट घातले. मग स्टुलावर चढून सगळ्यांत वरच्या फळीवरून बटणांचा डबा काढला, फुंकर मारली आणि रुमालात गुंडाळून कमरेला बांधला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तो म्हणाला होता ना डबा वाजला?"

"हो."

"मग वाजू दे."

माझ्या घशाशी ते चार शब्द आले. "पण अक्का," मी म्हणालो, "समजा, त्या दिवशी डबा नाहीच वाजला, दुसरंच काहीतरी वाजलं असेल, तर त्या माणसालाही असं वाटू शकतं की..."

"दुसरं काय?"

"काहीही. लाकूड. वेत वगैरे."

"असेल," अक्का म्हणाली, आणि माइक चालू केला.

नऊ दिवस ती चालली. प्रत्येक पावलात डबा. मोठ्याने नाही, रुमालातून जेमतेम निसटेल एवढाच. ऐकला असं कोणी म्हणणार नाही आणि ऐकला नाही असंही होणार नाही.

जवळच्या वीस माणसांना चित्रपट दाखवला तेव्हा मी अक्काच्या शेजारी बसलो होतो. नटवर्य शेवटच्या रांगेत. पडद्यावर व्हरांडा आला. काळा झगा, ताठ मान, करारी चेहरा. आणि पावलं: ठक्, ठक्, ठक्, आणि प्रत्येक ठकाच्या पोटात कुठेतरी खुळ्. पहिल्या फेरीला कोणी काही केलं नाही. दुसऱ्या फेरीला पुढच्या बाई खांदे हलवायला लागल्या. चौथ्या फेरीला निर्माता हसला आणि आपण का हसलो म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. फाशीची शिक्षा सुनावायला न्यायाधीश उठले, तीन पावलं टाकली आणि अख्खी खोली फुटली. लोक डोळे पुसत होते. अक्का तेवढी हसत नव्हती. तिने डोळे मिटले होते आणि मान किंचित तिरकी केली होती.

"अभिनयात तर काही खोट नाही," दिग्दर्शक दिवे लागल्यावर म्हणाला.

"चाल गेली त्यांची," निर्माता म्हणाला. "वय झालं. दुसरा कोणी बघा. चालायचे सीन पुन्हा घेऊ."

मी वळून पाहिलं. नटवर्य उठून गेले होते. शेवटची पायरी वाजवणारा तो माणूस, पण जाताना दाराचा किंवा पायाचा काही आवाज झाला नाही.

"झालं की आता," मी रस्त्यात म्हणालो. "सूड पुरा झाला."

"अजून त्याला कळलं कुठे," अक्का म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत गादीवर आडवा होतो. मुलांच्या एका चित्रपटातल्या झोपलेल्या राक्षसाला माझं घोरणं हवं होतं. नाकासमोर माइक, अंगावर पांघरूण, आणि मला झोप येत नव्हती. दार वाजलं. नटवर्य आत आले. अकरा वर्षांत खांदे उतरले होते, पण बूट चकचकीत.

"आवाजाच्या बाई तुम्हीच? दिग्दर्शक म्हणाले, एकदा तुम्हाला विचारून या. माझ्या चालीत काय बिघडलंय? लोक हसतात."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. अक्काने फळ्यांकडे बोट केलं. "चालून दाखवा."

ते चालले. "पुन्हा," अक्का म्हणाली. ते पुन्हा चालले. "पुन्हा." सातव्या की आठव्या वेळी त्यांना धाप लागली.

"डावी टाच अजून तशीच पडते तुमची," अक्का म्हणाली.

"अजून म्हणजे?"

"चाला."

फळ्या जिथे संपतात तिथे एक लहान टेबल होतं. एरवी ते भिंतीशी असतं. त्या दिवशी नव्हतं. नटवर्य अर्धा क्षण थबकले, वळले, त्यांचं कोपर लागलं आणि त्यावरचा डबा खाली आला. बटणं वाळूत, खडीत, पत्र्यावर, सगळीकडे पळाली. नटवर्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं, कोणीतरी उचलायला येईल म्हणून. कोणी आलं नाही. अक्का हाताची घडी घालून उभी होती.

"उचला," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

ते गुडघ्यांवर बसले. गुडघे कडाकडा वाजले. अक्काने माइक जरा जवळ सरकवला. ते एकेक बटण वेचत होते, डब्यात टाकत होते. कोटाचं एक मोठं काळं बटण हातात आलं आणि त्यांचा हात थांबला.

"हा डबा..."

"वाजतो का?" अक्काने विचारलं.

नटवर्य फरशीवर खालीच बसले. "ती तू?"

"तुम्ही म्हणा."

"तुम्ही. त्या दिवशी तुमचा डबा वाजला नव्हता."

"मला माहीत आहे."

"मलाही तेव्हाच माहीत होतं. मी ओळ विसरलो होतो."

"तेही माहीत आहे. ओळ विसरली की तुमच्या उजव्या पायाचा अंगठा बुटात वर होतो, चामडं कुरकुरतं. मी तेव्हा तुमच्या बुटांकडेच बघत होते, तळ बदलायला झाला होता म्हणून. पुढे तुमच्या एकवीस चित्रपटांत तेच पाहिलं."

नटवर्यांनी आपल्या उजव्या बुटाकडे असं पाहिलं, जणू घरातल्या माणसाने फितुरी केली आहे. "सगळे म्हणत होते, काय शांतता धरलीय. आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. तेवढ्यात कुठेतरी कर्र झालं आणि मी सुटलो. खुर्चीत एक जाड गृहस्थ बसला होता. पण कोणाचा पाहुणा असेल, कोणी मोठा निघाला तर पंचाईत, म्हणून..."

"म्हणून मी."

"हो."

मी पांघरूण नाकापर्यंत ओढलं.

"सगळी वेचा," अक्का म्हणाली. "एक त्या गादीखाली गेलंय."

नटवर्य रांगत माझ्यापाशी आले, गादीखाली हात घातला आणि बटण काढलं. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. ते माझ्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले, हे मला डोळे मिटूनही समजत होतं. त्याबाबतीत अक्काचं शिक्षण मला थोडंफार लागलं आहे.

"काय करू म्हणजे तो आवाज काढाल?" त्यांनी विचारलं. "म्हणाल तर सगळ्यांसमोर माफी मागतो."

"माफी तुम्ही छान मागाल, नट आहात. ती ओळ म्हणा."

"कुठली?"

"त्या दिवशीची."

त्यांनी खूप आठवून पाहिलं. बुटातला अंगठा वर झाला. या वेळी मलासुद्धा ऐकू आला. "खिडकीचं काहीतरी होतं," ते म्हणाले.

"खिडकी उघडीच राहू द्या."

नटवर्य फरशीवर, मांडीवर डबा घेऊन बसलेले. त्यांनी ओळ म्हटली. "खिडकी उघडीच राहू द्या." पांघरुणाखाली माझ्या अंगावर काटा आला. अक्काने बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं आणि म्हणाली, "टेक ठीक आहे. अकरा वर्षं उशीर झाला."

मग ती संगणकाशी बसली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पावलापावलातून डबा कापून काढला, जसा शिवणीतला धागा उसवतात तसा. तास दीड तास लागला. व्हरांडा पुन्हा लावला. ठक्, ठक्, ठक्. न्यायाधीश न्यायाधीशासारखे चालत होते. नटवर्यांचे डोळे भरून आले. ते दारापर्यंत पोचले तेव्हा अक्का म्हणाली, "एका पावलात ठेवलाय."

"कुठल्या?"

"शोधा."

ते दारात तसेच उभे राहिले. मग गेले, आणि जाताना आपल्याच पायांकडे कान लावून जात होते. चित्रपट लागला, चालला, त्यांना कामंही आली. पण मी त्यांना थिएटरात पाहिलं आहे. आपल्याच चित्रपटाला डोळे मिटून, मान तिरकी करून बसलेले असतात.

ते गेल्यावर अक्का वायर गुंडाळत होती. मी गादीवर उठून बसलो. जांभई आली, ती गिळली.

"अक्का," मी म्हणालो, "खुर्ची माझी वाजली होती."

"हं," अक्का म्हणाली आणि गुंडाळत राहिली.

त्या 'हं'बरोबर माझ्या डोळ्यांसमोरून भराभरा सरकलं: म्हैस, अकरा टोस्ट, पोतं, खडी, ओल्या टॉवेलचे सतरा फटके. पहिलाच फटका मला चांगला जमल्यासारखा वाटला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "कधीपासून?"

अक्काने हेडफोन कानांवर चढवला, माइक माझ्या नाकाशी आणून ठेवला आणि पांघरुणाकडे बोट केलं.

"खुर्ची वाजली तेव्हापासून, आता आडवे व्हा आणि तोंड मिटून घोरा, भावोजी."